तंबूपुरती जागा

जर्मनीत स्वस्त मुक्काम शोधताना पहिली चूक होते ती शब्दाची. आपण नकाशावर ‘कॅम्पिंग’ असं टाकतो आणि समोर येतात ती बहुतेक कॅराव्हॅन आणि मोटारहोमसाठी बांधलेली आवारं. आखीव चौकोन, विजेची जोडणी, जलतरण तलाव, मुलांसाठी खेळघर आणि या सगळ्याचा मिळून लागणारा दर. तो आकडा बघून आपण म्हणतो, एवढ्यात हॉस्टेलची खाट मिळेल की! मग तंबूचा बेतच बारगळतो.

शोधायचा शब्द आहे ‘त्सेल्टवीझे’. त्सेल्ट म्हणजे तंबू आणि वीझे म्हणजे गवताचं कुरण. मोठ्यातल्या मोठ्या कॅम्पिंगच्याही एका कडेला बहुधा अशी एक मोकळी हिरवळ असते. तिथे आखलेले चौकोन नसतात, गाड्या आत नेता येत नाहीत, आणि सायकलवर किंवा पाठीवर सॅक घेऊन आलेल्या माणसाने हवा तिथे तंबू ठोकायचा असतो. संकेतस्थळावर आरक्षणाच्या पानावर ‘जागा शिल्लक नाही’ असं दिसतं ते बऱ्याचदा आखलेल्या चौकोनांबद्दल असतं. त्सेल्टवीझेचं आरक्षण पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत. जो येईल त्याला सरकून जागा देतात. म्हणून पान बंद करण्याआधी एक फोन करावा. जर्मन येत नसलं तरी एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘हाबेन झी नॉख प्लाट्स फ्यूर आइन क्लाइनेस त्सेल्ट?’ छोट्या तंबूला जागा आहे का, एवढाच त्याचा अर्थ. ‘ओने आउटो’, म्हणजे गाडीशिवाय, हे दोन शब्द जोडले की उत्तर होकारार्थी येण्याची शक्यता आणखी वाढते.

शोधताना आणखी चार शब्द भेटतील. ‘त्सेल्टप्लाट्स’ म्हणजे मुख्यतः तंबूंचीच जागा. इथे सोयी साध्या आणि दर कमी. ‘युगेंडत्सेल्टप्लाट्स’ शाळांच्या आणि युवक मंडळांच्या गटांसाठी असतो. एकट्यादुकट्याला सहसा देत नाहीत, पण महाराष्ट्र मंडळातली पंधरा-वीस माणसं मुलाबाळांसह जाणार असतील तर तिथे जरूर विचारावं. ‘वासरवांडररास्टप्लाट्स’ हा लांबलचक शब्द मेक्लेनबुर्गच्या तळ्यांच्या प्रदेशात दिसतो. होडी वल्हवत जाणाऱ्यांचा तो एका रात्रीचा थांबा. आणि ‘श्टेलप्लाट्स’ दिसला तर पुढे जा. ती मोटारहोम उभी करायची जागा आहे, तिथे तंबू बहुधा चालत नाही. हा फरक ठाऊक नसल्याने संध्याकाळी सात वाजता डांबरी मैदानावर सॅक घेऊन उभी राहिलेली आपली मुलं मी पाहिली आहेत.

आता कायद्याचं सांगतो, कारण सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथे हमखास अडखळायला होतं. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर रात्र काढलेली असते. इथलं जंगल त्याहून मोकळं, वाटा आखलेल्या, मग एखाद्या झाडाखाली तंबू लावला तर काय बिघडलं, असं वाटतं. जर्मनीत जंगलात फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. बव्हेरियाच्या 1946 च्या राज्यघटनेत तर निसर्गात हिंडण्याचा हक्क कलम 141 मध्ये लिहून ठेवला आहे. पण त्या हक्कात तंबू येत नाही. स्वीडन-नॉर्वेमध्ये मोकळ्या निसर्गात जवळजवळ कुठेही एक रात्र तंबू टाकता येतो, तसं इथे नाही. नियम आणि दंड राज्यागणिक बदलतात, आणि राखीव निसर्गक्षेत्रात किंवा राष्ट्रीय उद्यानात दंड चांगलाच बसतो. शेतकऱ्याच्या कुरणावर त्याची परवानगी घेऊन एक रात्र राहण्याला मात्र, ते राखीव क्षेत्रात नसेल तर, सहसा अडचण येत नाही. खेड्यात शिरून दार वाजवायला आपण संकोचतो, पण विचारलं तर माणसं होही म्हणतात. स्वतःच्या बागेत प्रवाशाला एक रात्र फुकट तंबू लावू देणाऱ्या घरांची ‘वननाइटटेंट’ नावाची यादीच आहे. शहरांपासून दूर, सायकलच्या लांब मार्गांवर ती फार उपयोगी पडते.

जंगलातच झोपायचं असेल तर त्यासाठी कायदेशीर वाट आहे, आणि माझ्या मते ती या देशातल्या सगळ्यात सुंदर स्वस्त मुक्कामांकडे जाते. फाल्झच्या जंगलात 2009 पासून ‘ट्रेकिंगप्लाट्स’ नावाच्या जागा आहेत. ऑनलाइन आरक्षण करायचं, तंबूमागे ठरलेली रक्कम भरायची, आणि मगच जागा नेमकी कुठे आहे ते कळतं. तिथपर्यंत चालतच जायचं. शेकोटीची दगडी चौकट, बसायला ओंडके आणि एक साधा संडास, बस. पाणी नाही. उत्तर ब्लॅक फॉरेस्टमध्ये अशाच जागा आहेत, एका ठिकाणी तीनच तंबू आणि एकच रात्र. आयफेलमध्ये लाकडी फळ्यांचे ओटे बांधलेत, त्यावर तंबू लावायचा. तिथे मेख ठोकता येत नाही, म्हणून स्वतःच्या आधाराने उभा राहणारा तंबू न्यावा आणि दोऱ्या जास्त घ्याव्यात. बव्हेरियात श्टायगरवाल्ड, फ्रांकेनवाल्ड, श्पेसार्ट इथे, तर अगदी उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये अशा जागा झाल्या आहेत. तिथला खर्च शहराजवळच्या कॅम्पिंगपेक्षा कितीतरी कमी. गैरसोय एकच, वीकएंडच्या रात्री लवकर भरतात. मंगळवार-बुधवारची सुट्टी काढता येत असेल तर ती इथे खर्च करा. आणि रात्रीच्या स्वयंपाकासह माणशी निदान तीन लिटर पाणी पाठीवर असू द्या.

पण बहुतेकांना पाहायचं असतं ते म्युनिक, बर्लिन, नॉइश्वानश्टाइनचा किल्ला, ऱ्हाइन आणि ब्लॅक फॉरेस्ट. म्हणून आता तिकडे वळतो.

म्युनिकमध्ये हॉटेलं महाग, आणि ऑक्टोबरफेस्टच्या दोन-अडीच आठवड्यांत तर आवाक्याबाहेर. तिथे दोन पत्ते लक्षात ठेवावेत. एक ‘द टेंट’. 1972 च्या ऑलिंपिकला जगभरातून तरुण मुलं येणार, त्यांना परवडेल अशी जागा हवी म्हणून हा तळ उभा राहिला आणि पन्नास वर्षं उलटली तरी चालू आहे. वनस्पती उद्यानाशेजारी, 17 नंबरच्या ट्रामवर. स्वतःचा तंबू नसेल तर मोठ्या सामायिक तंबूत लाकडी जमिनीवर मॅट टाकून झोपता येतं, असेल तर बाहेर गवतावर लावता येतो. संध्याकाळी शेकोटीभोवती पाच-सहा भाषा बोलणारी मुलं बसलेली असतात. नुकत्याच आलेल्या, एकट्या फिरणाऱ्या विद्यार्थ्याला मी डोळे झाकून हीच जागा सांगतो. हा तळ फक्त उन्हाळ्यात असतो. दुसरा पत्ता टालकिर्शेनचा. इझार नदीच्या काठी, प्राणिसंग्रहालयाजवळ. यू-3 ने टालकिर्शेन स्टेशनवर उतरायचं, तिथून 135 नंबरची बस किंवा पायी. नदीत डुंबायला मिळतं आणि शहराचा मध्य फार लांब नाही. ऑक्टोबरफेस्टच्या काळात मात्र इथली शांतता विसरा. रात्रभर जल्लोष चालतो आणि दरही चढतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर तो काळ टाळाच.

बर्लिनमध्ये मध्यवस्तीत तंबू लावायची आशा धरू नये. शहराच्या पश्चिम टोकाला गाटो आणि क्लाडो या भागांत जर्मन कॅम्पिंग क्लबच्या जागा आहेत. हा क्लब 1948 मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या आवारात बिगरसभासदांनाही घेतात. क्लाडोला जायची माझी आवडती वाट पाण्यावरून आहे. एस-बानने वानझेला उतरायचं आणि एफ-10 ही फेरी बोट पकडायची. वीस मिनिटांचा तळ्यावरचा प्रवास शहराच्या साध्या तिकिटात होतो. पर्यटक याच पाण्यावरच्या सहलीसाठी वेगळे पैसे मोजतात.

नॉइश्वानश्टाइनच्या किल्ल्याजवळ, म्हणजे फ्युसेन आणि श्वानगाऊच्या परिसरात, फोर्गनझे, बानवाल्डझे आणि होप्फेनझे या तिन्ही तळ्यांकाठी कॅम्पिंगच्या जागा आहेत. 2025 मध्ये नॉइश्वानश्टाइनसह लुडविग राजाचे किल्ले-महाल जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यामुळे गर्दी कमी होण्याची आशा धरायला नको. यातल्या फोर्गनझेबद्दल एक गोष्ट ठाऊक असायला हवी. ते धरणाचं पाणी आहे. हिवाळ्यात सोडून देतात आणि साधारण जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच ते भरलेलं असतं. एप्रिलमध्ये ‘तळ्याकाठची जागा’ म्हणून जास्त दर भरलात तर समोर दिसेल तो ओल्या गाळाचा आणि दगडांचा उघडा पसारा. मे महिन्यातलं पवना धरण ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. वसंतात जायचं तर होप्फेनझेकडे किंवा बानवाल्डझेकडे बघा.

बेर्ख्टेसगाडेनला क्योनिगझेच्या अलीकडे ग्राफेनलेहेन आणि म्यूलाइटेन या दोन जागा आहेत. तळ्याच्या धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर. दिवसा तिथे बसगाड्या भरभरून माणसं येतात आणि संध्याकाळी परत जातात. तंबूत राहणाऱ्याला मिळते ती त्यांच्या आधीची वेळ. सकाळची पहिली बोट पकडली तर ते हिरवं, निश्चल पाणी आणि वर वाट्झमानचा कडा जवळजवळ एकट्याने बघता येतो. जवळ मुक्काम करण्यात पैशापेक्षाही हा फायदा मोठा आहे, असं मला वाटतं.

ड्रेस्डेनकडच्या सॅक्सन स्वित्झर्लंडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सह्याद्रीच्या माणसाला हा प्रदेश लगेच आपला वाटतो. वाळूच्या दगडाचे सुळके, शिड्या, घळी, आणि माथ्यावरून दिसणारी एल्ब नदी. ड्रेस्डेनहून एस-1 ने पाऊण तासात बाड शांडाऊ. तिथून किर्निच नदीच्या खोऱ्यात 1898 पासून एक पिवळी ट्राम चालते, आणि तिच्याच रस्त्यावर ऑस्ट्राउअर म्यूले ही जुन्या पाणचक्कीजवळची कॅम्पिंगची जागा आहे. तंबूच्या दारातून बाहेर पडलं की पायवाट सुरू. खोरं अरुंद असल्याने ऊन उशिरा येतं आणि तंबू सकाळी ओलाच गुंडाळावा लागतो, एवढी तयारी ठेवा. या भागात गिर्यारोहकांची कपारीखाली उघड्यावर झोपायची जुनी रीत आहे. त्या कपारींना ‘बोफे’ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानात ती फक्त नेमून दिलेल्या जागांवर चालते, 1 फेब्रुवारी ते 15 जून पक्ष्यांच्या विणीसाठी बंद असते, तंबू आणि आग दोन्हींना मनाई. 2022 च्या जुलैमध्ये इथे आणि सीमेपलीकडे चेकियात जे वणवे लागले, त्यांचे जळके उतार पाहिल्यावर हा नियम कोणालाही पटेल.

ऱ्हाइनकाठी सांक्ट गोआरला लोरेलायच्या कड्यासमोरच तंबू लावता येतो, आणि दृश्य खरोखर तसंच आहे जसं चित्रात असतं. पण या खोऱ्यात दोन्ही काठांनी लोहमार्ग आहेत आणि मालगाड्या रात्रभर जातात. हलकी झोप असलेल्याने कानात घालायचे बोळे न्यावेत किंवा कोब्लेंत्सला, मोझेल आणि ऱ्हाइनच्या संगमासमोरच्या जागेवर राहून दिवसा इकडे यावं. कलोनला पोल भागात ऱ्हाइनच्या काठावर, हाम्बुर्गला ब्लांकेनेझेपलीकडे एल्बच्या वाळूत, हायडेलबर्गला नेकारच्या काठाने वरच्या बाजूला, फ्रांकफुर्टला निडा नदीजवळ अशा जागा आहेत. शहर पाहायचं आणि रात्री झाडाखाली झोपायचं, हे या सगळ्या ठिकाणी शहरी वाहतुकीवर जमतं. वाळूत साध्या मेखा धरत नाहीत, हाम्बुर्गसाठी रुंद पात्याच्या मेखा घ्या.

आता पैशाचा हिशोब. कॅम्पिंगचा दर एकच आकडा कधी नसतो. माणशी वेगळे, तंबूचे वेगळे, गाडीचे वेगळे, विजेचे वेगळे, कुत्र्याचे वेगळे. शिवाय पर्यटनाच्या गावात ‘कुर्टाक्से’ हा माणशी कर. समजा माणशी 9 युरो, तंबूचे 6, गाडीचे 5 आणि कर माणशी अडीच, तर दोघांचे 34 युरो झाले. गाडी नसेल तर 29. छोटा तंबू आणि मोठा तंबू यांचे दर निराळे असतात, म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन खोल्यांचा मोठा तंबू घ्यावा की दोन छोटे, हे आधी दरपत्रक बघून ठरवावं. मला विचाराल तर शहराजवळ किंवा तळ्याकाठी दोन माणसं, छोटा तंबू आणि गाडी नाही, असा हिशोब साधारण 20 ते 35 युरोंत बसला पाहिजे. त्याहून जास्त सांगत असतील तर तुम्ही जलतरण तलावाचे पैसे भरत आहात. आंघोळीच्या गरम पाण्याला काही ठिकाणी वेगळं टोकन लागतं. ते काउंटर बंद व्हायच्या आत घ्यायचं, नाहीतर सकाळी थंड पाणी. छोट्या जागांवर कार्ड चालेलच असं नाही, रोख पन्नास युरो जवळ असू द्या. आणि पासपोर्ट न्या. 2025 पासून जर्मन नागरिकांना मुक्कामाच्या नोंदणीचा फॉर्म भरावा लागत नाही, पण परदेशी पाहुण्यांना अजून लागतो.

कुर्टाक्सेवर आपली मंडळी नाराज असतात. पण त्याच्या बदल्यात काय मिळतं ते विचारायला विसरू नका. ब्लॅक फॉरेस्टच्या बहुसंख्य गावांत कर भरलेल्या पाहुण्याला ‘कोनुस’चं कार्ड मिळतं आणि त्यावर त्या सगळ्या प्रदेशातल्या बस आणि रिजनल गाड्या फुकट. टिटिझेच्या काठावर तंबू लावून रोज फ्रायबुर्गला गेलात तरी तिकीट काढावं लागत नाही. तंबूतल्या पाहुण्यालाही हे कार्ड मिळतं. काउंटरवरचा माणूस विसरला तर आपण मागायचं. फ्युसेनला, बेर्ख्टेसगाडेनला, हार्झमध्ये अशीच पाहुण्यांची कार्डं बसप्रवासासाठी आहेत. माणशी दोन-तीन युरो करात चौघांचा दिवसभराचा बसखर्च सुटतो, तेव्हा तो कर म्हणजे या प्रवासातला सर्वात चांगला सौदा.

जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलांड-तिकीट असेलच. मे 2023 मध्ये महिन्याला 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून देशभरातल्या रिजनल गाड्या, एस-बान, ट्राम आणि बस यांवर चालतं. नेहमी लागत नसेल तर सुट्टीच्या एका महिन्यापुरतं घेता येतं. त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. या तिकिटामुळे मुक्काम निवडायची रीतच बदलते. प्रसिद्ध गावात जागा शोधायचीच नाही. त्याच लोहमार्गावर दोन-तीन स्टेशनं अलीकडे किंवा पलीकडे बघायचं, स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आत. नाव नसलेल्या गावातली नदीकाठची हिरवळ, गावचा बेकरीवाला आणि वीस मिनिटांची गाडी. नेचर फ्रेंड्सची, म्हणजे ‘नाटुअरफ्रॉइंडे’ या 1895 मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या कामगारांच्या संघटनेची घरं अशाच आडबाजूला असतात. काहींच्या मागे तंबूसाठी हिरवळ असते. होडी वल्हवणाऱ्यांच्या क्लबांची नदीकाठची आवारंही विचारण्यासारखी. होडीवाल्यांना पहिला मान, पण जागा असेल तर सायकलस्वारालाही घेतात.

तारखांचंही असंच. इथे शाळांच्या सुट्ट्या राज्यागणिक वेगवेगळ्या असतात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गची उन्हाळी सुट्टी सर्वांत उशिरा, ऑगस्ट सुरू होताना लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दक्षिणेची तळी तुलनेने मोकळी, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर तर निवांत. पेंटेकॉस्टच्या सुमाराला या दोन राज्यांत दोन आठवडे सुट्टी असते, आणि असेन्शनच्या गुरुवारी देशभर. या दिवसांत आरक्षणाशिवाय निघू नका.

सामानाचा मोह टाळा, पण थंडीची थट्टा करू नका. जुलैतही रात्री पारा दहा अंशांखाली जातो, डोंगरात पाचच्या जवळ. पुण्याहून आणलेली पातळ कॅरीमॅट इथे पुरत नाही. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर चांगल्या मॅटवर करा. स्लीपिंग बॅगवर एकाहून जास्त तापमानं छापलेली असतात; त्यातलं ‘कम्फर्ट’ तेवढं खरं माना. गॅसचं कार्ट्रिज विमानात चालत नाही, ते इथेच घ्यायचं, आणि आपल्या शेगडीला आट्याचं लागतं की भोक पाडायचं, हे आधी बघून ठेवायचं. भाजणी, पोहे, मेतकूट, गूळ-शेंगदाणे एवढी शिदोरी असली की दोन दिवस निघतात. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच.

गोचीड, इथली ‘त्सेके’, ही खरी काळजीची गोष्ट. दक्षिणेत तिच्या चाव्यातून मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एफएसएमई हा आजार होऊ शकतो. त्यावर लस आहे, आणि बव्हेरिया किंवा बाडेन-व्युर्टेंबर्गच्या जंगलात जाणाऱ्याने ती घ्यावी. गोचिडीमुळेच होणाऱ्या बोरेलिओसिस या दुसऱ्या आजारावर लस नाही. रोज रात्री टॉर्चच्या उजेडात मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, कानांमागची जागा तपासायची, ही सवयच लावून घ्या.

आणि पाणी. पहिल्या वर्षी मी एका छोट्या नदीच्या काठी मुक्कामाला होतो. हिरवळीवर सगळ्यात सपाट, मऊ गवताची जागा मोकळी दिसली आणि मी आनंदाने तिथे तंबू लावला. आधी आलेल्यांनी ती का सोडली होती, हे पहाटे तीनला कळलं. पाऊस जोराचा नव्हता, पण साऱ्या कुरणाचं पाणी उतरून तिथेच येत होतं. मॅटखाली हात घातला तर बोटं पाण्यात. मुलीला उचलून कपडे धुण्याच्या खोलीत नेलं आणि सकाळपर्यंत यंत्राला पाठ लावून बसलो. त्या रात्री फक्त झोप गेली. 2021 च्या जुलैमध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, शंभराहून अधिक माणसं गेली, आणि नदीकाठची कॅम्पिंगही त्यात सापडली. तेव्हापासून लहान नदीच्या काठी मुक्काम असेल तर मी जर्मन हवामान खात्याच्या ‘वॉर्नवेटर’ ॲपवर इशारे पाहतो, आणि जांभळा-लाल रंग दिसला तर भरलेले पैसे सोडून देतो. तंबू नेहमी किंचित उंचवट्यावर, दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि म्हाताऱ्या बीच वृक्षाच्या फांदीखाली कधीच नाही.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि जमिनीवर झोपणं त्यांना जमणार नसेल तरी बेत रद्द करू नका. कितीतरी ठिकाणी लाकडी पिंपासारखी छोटी खोली भाड्याने मिळते, ‘श्लाफफास’ म्हणतात तिला. आत गादी असते. ते तिथे झोपतील, तुम्ही शेजारच्या हिरवळीवर. रात्री दहा ते सकाळी सहा-सात शांततेचा नियम आहे, आणि दुपारी एक ते तीनही पुष्कळ ठिकाणी. तो इथे मनापासून पाळतात. कांदा परतायचाय, गप्पा मारायच्यात, तर ते दहाच्या आत.

तंबूची ही स्वस्त हिरवळ कॅम्पिंगवाल्याला फार कमाई करून देत नाही. ती टिकते ती तिथे येणारी माणसं नीट वागतात म्हणून. निघताना जागा आल्यासारखीच सोडा, काचा-कागद-प्लास्टिक ज्याच्या त्याच्या डब्यात टाका, आणि तंबू गुंडाळण्याआधी मेखा मोजा. गवतात राहिलेली एक मेख पुढच्या आठवड्यात गवत कापायच्या यंत्रात सापडते किंवा एखाद्या लेकराच्या अनवाणी पायात.